कोहळा कुणाकडे गेला? बेसबॉलमधला एकतर्फी सौदा जोखण्याची रीत

31 जुलै 1997. बेसबॉलच्या त्या मोसमात खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत त्या दिवशी संपत होती. सिॲटल मरिनर्सकडे केन ग्रिफी ज्युनियर, ॲलेक्स रॉड्रिगेझ, एडगर मार्टिनेझ, रँडी जॉन्सन असे एकाहून एक तालेवार खेळाडू होते, पण जिंकत आलेले सामने शेवटच्या इनिंगांत हातचे जात होते. मुदत संपण्यापूर्वी संघाने दोन सौदे उरकले. एकात होजे क्रूझ ज्युनियर हा 23 वर्षांचा आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागातला क्षेत्ररक्षक) टोरांटोला देऊन माइक टिमलिन आणि पॉल स्पोलयारिक हे दोन रिलीफ पिचर, म्हणजे मागाहून येणारे गोलंदाज, घेतले. दुसऱ्यात जेसन वॅरिटेक हा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) आणि डेरेक लो हा तरुण पिचर बॉस्टनला देऊन हीथक्लिफ स्लोकम घेतला.

पुढे वॅरिटेक बॉस्टनचा कर्णधार झाला. 2004 मध्ये बॉस्टनने प्लेऑफच्या तिन्ही फेऱ्या ज्या सामन्यांत जिंकल्या, त्या तिन्ही सामन्यांत विजयी पिचर म्हणून लोचं नाव लागलं. क्रूझने 2001 मध्ये 34 होमरन (बेसबॉलचे षटकारच म्हणा) मारले. सिॲटलने आणलेले तिघेही 1998 सरता सरता सिॲटलमधून गेलेले होते.

ही यादी वाचून आज कुणीही हसेल. पण हसणं म्हणजे जोखणं नव्हे. 2012 साली दिसलेल्या गोष्टींवरून 1997 च्या माणसाला मूर्ख ठरवायला अक्कल लागत नाही. सौदा झाला त्याच संध्याकाळी, निकाल माहीत नसताना, तो कुणीकडे झुकलाय हे सांगता यायला हवं. ते बऱ्याच अंशी सांगता येतं, कारण रोज खेळणारा खेळाडू देऊन रिलीव्हर घेण्याच्या सौद्यात बहुतेक हिशेब साध्या गुणाकार-भागाकाराचे असतात.

ज्यांनी बेसबॉल फारसं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सामना नऊ इनिंगांचा. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा इनिंग टाकून थकला की पुढचं काम रिलीव्हर करतात, आणि थोडक्या आघाडीवर शेवटची इनिंग टाकतो तो क्लोजर. टी-ट्वेंटीत शेवटची दोन षटकं टाकणाऱ्या गोलंदाजासारखं हे काम. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर असतात, आणि त्याचा भाव चढतो तोही त्यामुळेच.

नमुन्यादाखल बॉस्टन रेड सॉक्सचा डिसेंबर 2011 घेऊ, कारण त्या एका महिन्यात संघाने असे दोन सौदे केले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांचे सगळे रंग दिसले.

आधी तारीख गोठवा

एक कागद घ्या आणि वर सौद्याची तारीख लिहा. त्या तारखेनंतरचं काहीही या कागदावर येता कामा नये. खेळाडूंची वयं, गेल्या तीन मोसमांचे आकडे, दुखापती, करार किती वर्षांचा, संघ गुणतक्त्यात कुठे, आणि संघाला नेमकी कशाची नड होती, एवढं पुरे.

बॉस्टनची नड अशी. सप्टेंबर 2011 च्या सुरुवातीला प्लेऑफच्या जागेसाठी त्यांच्याकडे नऊ सामन्यांची आघाडी होती. त्या महिन्यात ते 7 जिंकले आणि 20 हरले. शेवटच्या रात्री बाल्टिमोरमध्ये क्लोजर जोनाथन पॅपलबॉनच्या हातून आघाडी गेली आणि मोसम संपला. सौदे ठरवणारे जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन शिकागोला गेले, त्यांच्या जागी बेन चेरिंग्टन आले, पॅपलबॉनने फिलाडेल्फियाशी 4 वर्षांचा 5 कोटी डॉलरचा करार केला. डॅनियल बार्ड हा क्लोजरचा उजवा हात. त्याला सुरुवातीचा पिचर बनवायचं ठरलं. म्हणजे शेवटच्या दोन इनिंगांचे दोन्ही धनी एकदम गेले.

मग 14 डिसेंबरला इनफिल्डर (बेसांजवळचा क्षेत्ररक्षक) जेड लॉरी आणि पिचर काइल वायलंड ह्यूस्टनला देऊन मार्क मेलॅन्सन घेतला. 28 डिसेंबरला आउटफिल्डर जॉश रेडिक आणि मायनर लीगमधले (खालच्या स्तरावरचे) दोघे ओकलंडला देऊन अँड्र्यू बेली आणि रायन स्वीनी घेतले. बेली 2009 चा अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम नवोदित. रेडिक 24 वर्षांचा, 2011 मध्ये 87 सामन्यांत .280 ची सरासरी (म्हणजे हजार पाळ्यांमागे 280 हिट) आणि 7 होमरन. त्या दिवशी पुष्कळांना वाटलं, नावाजलेला क्लोजर मिळाला आणि गेला तो एक होतकरू पोरगा.

मग इनिंग मोजा

मोसमात 162 सामने, म्हणजे संघाला सुमारे 1,450 इनिंग टाकायच्या असतात. चांगला क्लोजर त्यातल्या 65 टाकतो, म्हणजे साडेचार टक्के. रोज खेळणारा फलंदाज संघाच्या साधारण 6,100 पाळ्यांपैकी 650 खेळतो, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त, आणि वर बाराशेच्या आसपास इनिंग मैदानात उभा राहून झेल पकडतो आणि फेक करतो.

आता याचं धावांत रूपांतर करा. पिचरचा ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगांमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावा. समजा क्लोजरचा ईआरए 2.50 आहे आणि त्याच्या जागी सहज मिळणाऱ्या पिचरचा 4.25. फरक पावणेदोन धावांचा. 65 भागिले 9, गुणिले 1.75, म्हणजे साधारण साडेबारा धावा. दहा धावांचा एक विजय असा ठोकताळा आहे, तेव्हा सव्वा विजय झाला.

इथे क्लोजरवाले लगेच हरकत घेतात की त्याच्या इनिंगा अवघड वेळी येतात, आणि ही हरकत खरी आहे. दडपण मोजायला लिव्हरेज इंडेक्स नावाचा आकडा वापरतात. सर्वसाधारण प्रसंगाचा आकडा 1, क्लोजरच्या प्रसंगांचा 1.8 ते 2. मग साडेबाराची दुप्पट करायची का? नाही. क्लोजर गेला तर त्याच्या जागी थेट सगळ्यात वाईट पिचर येत नाही. आठवी इनिंग टाकणारा नववी टाकू लागतो, सातवीवाला आठवी, आणि नवा माणूस रांगेच्या शेपटाला लागतो. म्हणून दडपणाचं श्रेय साधारण निम्मंच धरतात, म्हणजे दुपटीऐवजी दीडपट. असं करून आपला क्लोजर दोन विजयांच्या जवळ पोचतो.

आणि दोन विजय म्हणजे किती? अगदी मध्यम दर्जाचा, पण रोज खेळणारा खेळाडू वर्षाला तेवढेच देतो. वॉर नावाच्या मापात, म्हणजे सहज उपलब्ध बदली खेळाडूपेक्षा जास्तीचे किती विजय मिळवून दिले या हिशेबात, 2 हा साध्या नियमित खेळाडूचा आकडा आहे आणि ऑल-स्टार (लीगच्या निवडक संघात बसण्याचा) दर्जा 5 पासून सुरू होतो. मारियानो रिवेरा हा आजवरचा सर्वोत्तम रिलीव्हर, यावर कुणाचंच दुमत नाही. 19 मोसमांत त्याचा वॉर 56 च्या आसपास, म्हणजे वर्षाला तीन. इतिहासातला पहिल्या क्रमांकाचा रिलीव्हर वर्षाला तीन विजय देत असेल, तर तुमच्या संघाने आणलेला चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा क्लोजर किती देईल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बॉस्टनच्या कागदावर आता एक ओळ लिहिता येते: रेडिक जर नुसता मध्यम निघाला, तरी उत्तम चाललेल्या बेलीच्या बरोबरीचा.

रिलीव्हरचे आकडे वाचताना

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बहुतेक लोक फसतात ते इथे.

बेलीच्या 2009, 2010 आणि 2011 या तीन मोसमांचे सेव्ह, म्हणजे थोडक्या आघाडीवर सामना राखल्याची नोंद, पाहा: 26, 25, 24. किती भरवशाचा माणूस! आता शेजारचा इनिंगांचा रकाना वाचा: 83, 49, 41. तीन वर्षांत काम निम्म्यावर आलं होतं. 2010 चा मोसम संपल्यावर कोपराची शस्त्रक्रिया, 2011 च्या वसंतात पुढच्या हाताचा स्नायू ताणलेला. सेव्ह किती मिळतील हे आघाडी किती वेळा हाती आली यावर अवलंबून असतं, त्यामुळे त्या रकान्यात हाताची झीज दिसत नाही. हे सगळं 28 डिसेंबरला छापील स्वरूपात उपलब्ध होतं. पुढचं भविष्य सांगायला ज्योतिषी नको होता: बॉस्टनसाठी दोन मोसमांत मिळून बेलीने 44 इनिंग टाकल्या. आधी अंगठ्याची शस्त्रक्रिया, मग खांद्याची.

मेलॅन्सनची गोष्ट उलट्या बाजूने शिकवते. एप्रिल 2012 मध्ये पहिल्या चार सामन्यांत त्याने 2 इनिंगांत 11 धावा दिल्या. ईआरए 49.50. बॉस्टनकरांनी त्याला शिव्या घातल्या, संघाने मायनर लीगमध्ये धाडला. मोसमाअखेर आकडा 6.20 दिसतो आणि वाचणारा म्हणतो, टाकाऊ माल. पण 6.20 म्हणजे 45 इनिंगांत 31 धावा. त्यातला तो एप्रिल बाजूला काढा: 43 इनिंगांत 20, म्हणजे 4.19. उत्कृष्ट नाही, पण एकाच मोसमाच्या आकड्यात दोन वेगळी माणसं दिसावीत इतका फरक आहे. रिलीव्हरच्या 45-60 इनिंगांत दोन-तीन वाईट रात्री अख्ख्या वर्षाचा ईआरए फिरवतात.

म्हणून ईआरए शेवटी पाहा. आधी पाहा की शंभर फलंदाजांमागे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) किती आणि फुकटचे वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बहाल केलेला पहिला बेस) किती, कारण हे आकडे थोड्या इनिंगांतही लवकर स्थिरावतात. मग चेंडूचा वेग आधीच्या वर्षापेक्षा उतरलाय का, मग किती दिवस जखमींच्या यादीत होता. या क्रमाने वाचलं असतं तर बॉस्टनने बेली घेताना दोनदा विचार केला असता आणि मेलॅन्सनला एका वर्षात हाकललं नसतं. डिसेंबर 2012 मध्ये त्यांनी तो पिट्सबर्गला दिला आणि बदल्यात आणला, हो, आणखी एक क्लोजर: जोएल हॅनरहन. मेलॅन्सनने 2013 मध्ये 1.39 च्या ईआरएने 71 इनिंग टाकल्या आणि 2015 मध्ये 51 सेव्ह मिळवले. हॅनरहन 9 सामने खेळून कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला. गंमत म्हणजे त्या सौद्यात तोंडी लावायला म्हणून ब्रॉक होल्ट नावाचा एक इनफिल्डर आला होता. तो बरीच वर्षं टिकला आणि 2015 मध्ये ऑल-स्टार झाला. क्लोजरच्या सौद्यात बॉस्टनच्या पदरात पडलं काय, तर रोजचा खेळाडू.

हक्काची वर्षं

मेजर लीगमध्ये खेळाडूवर संघाचा हक्क साधारण सहा वर्षांच्या सेवेपर्यंत असतो. पहिली तीनेक वर्षं जवळजवळ किमान पगारावर, पुढची तीन लवादाने ठरणाऱ्या पगारावर, मग खेळाडू मोकळा. 2012 मध्ये किमान पगार 4 लाख 80 हजार डॉलर होता. त्यामुळे चार विजय देणारा स्वस्त खेळाडू म्हणजे वाचलेले पैसे, आणि ते दुसरीकडे खर्चता येतात.

रेडिक 2016 पर्यंत हक्काचा होता, म्हणजे पाच वर्षं. बेली 2014 पर्यंत, म्हणजे तीन. वर्षं कमी, वर्षाची इनिंग कमी, आणि हात दुखरा. तिन्ही खाती एकाच बाजूला झुकली की निकाल बघायला थांबायची गरज उरत नाही. लॉरी आणि मेलॅन्सनचा सौदा मात्र या कसोटीवर एकतर्फी ठरत नाही. लॉरी 2014 पर्यंतच हक्काचा आणि वारंवार जायबंदी. मेलॅन्सन 2016 पर्यंत. तो सौदा करताना चूक नव्हती, नंतर मोडण्यात होती. दोन्ही सौदे एकाच पोत्यात घालून ‘बॉस्टनचा वेडा डिसेंबर’ म्हणणारे लोक इथेच घसरतात.

संघ कुठे उभा होता

पाचवी कसोटी थोडी बिकट, कारण इथे रिलीव्हरच्या बाजूनेही बोलावं लागतं.

30 ऑगस्ट 1990 ला बॉस्टननेच लॅरी अँडरसन या 37 वर्षांच्या रिलीव्हरसाठी 22 वर्षांचा जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. अँडरसनने काम चोख केलं: 22 इनिंग, ईआरए 1.23. बॉस्टनने विभाग फक्त 2 सामन्यांनी जिंकला. मग ओकलंडने त्यांना चार सामन्यांत धुतलं आणि हिवाळ्यात अँडरसन मोकळा होऊन सॅन डिएगोला गेला. बॅगवेलने ह्यूस्टनसाठी 449 होमरन मारले आणि 2017 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. त्या दिवशीच्या कागदावर काय होतं? बॅगवेल तिसऱ्या बेसचा, आणि तिथे बॉस्टनकडे वेड बॉग्ज. मायनर लीगमध्ये त्याचे होमरन फक्त 4, पण सरासरी .333 आणि ईस्टर्न लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एका महिन्याच्या भाड्याच्या माणसासाठी ही किंमत त्या दिवशीही जास्तच होती, फक्त पुढे दिसली तेवढी अवाढव्य नव्हती.

याउलट 2016 चं शिकागो. 25 जुलैला शिकागोच्या कब्ज संघाने अरोल्डिस चॅपमन या क्लोजरसाठी ग्लेबर टोरेस या तरुण इनफिल्डरसह चार खेळाडू न्यूयॉर्क यांकीजना दिले. चॅपमनचा करारही त्याच मोसमाअखेर संपत होता. हिवाळ्यात तो 8 कोटी 60 लाख डॉलर घेऊन यांकीजकडेच परतला, आणि टोरेसने 2019 मध्ये त्याच यांकीजसाठी 38 होमरन मारले. तरीही मी हा सौदा बरोबर मानतो. एक, शिकागोकडे शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) ॲडिसन रसेल आणि जोडीला हावियर बाएझ होता, टोरेसला जागाच नव्हती. दोन, ऑक्टोबरमध्ये वर केलेलं गणित बदलतं. मध्ये सुट्टीचे दिवस असतात, म्हणून उत्तम रिलीव्हरला एकेका सामन्यात दोन-अडीच इनिंग टाकायला लावता येतात. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, पाचव्या सामन्यात, हरले तर घरी अशा अवस्थेत, चॅपमनने 8 आऊट मिळवले. सातव्यात त्याच्यावर प्रतिस्पर्धी राजाय डेव्हिसचा होमरन पडला हेही खरं. साडेचार टक्के वाटा असणारा माणूस ऑक्टोबरमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट वाटा उचलतो. पण त्यासाठी ऑक्टोबरपर्यंत पोचणं जवळजवळ नक्की असावं लागतं. जुलै 2016 मध्ये शिकागोचं ते होतं. डिसेंबर 2011 मध्ये बॉस्टनचं नव्हतं, आणि 2012 मध्ये ते 69 जिंकून तळाला गेले. त्याच वर्षी रेडिकने 32 होमरन मारले आणि गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळवला, आणि ओकलंडने विभाग जिंकला. स्वीनीने बॉस्टनसाठी एकही होमरन मारला नाही. जुलैअखेर रागाने दारावर ठोसा मारून हात मात्र मोडून घेतला.

दुसरं काय करता आलं असतं?

हा प्रश्न लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात जड हाच आहे. रिलीव्हरची नड खेळाडू न देता भागली असती का?

याचं उत्तर बॉस्टननेच दिलं. 2013 साठी त्यांनी कोजी उएहारा या 37 वर्षांच्या जपानी पिचरला खुल्या बाजारात एका वर्षासाठी 42 लाख 50 हजार डॉलरला घेतलं. क्लोजर म्हणून नव्हे, मधल्या इनिंगांसाठी. हॅनरहन गेला, बेली गेला, आणि पाळी उएहारावर आली. 74 इनिंग, 101 स्ट्राइकआउट, फक्त 9 वॉक, ईआरए 1.09. एका टप्प्यात त्याने ओळीने 37 फलंदाज बाद केले. लीगच्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि वर्ल्ड सिरीजचा शेवटचा स्ट्राइकआउटही त्याचाच. दोन वर्षांत तीन क्लोजरांसाठी खेळाडू उधळले, आणि काम केलं ते बाजारातून पैसे मोजून आणलेल्या माणसाने. प्रत्येक वेळी उएहारा सापडेल असं नाही. पण दर हिवाळ्यात पाच-सहा बरे रिलीव्हर खुल्या बाजारात असतात. तरुण, स्वस्त, रोज खेळणारा आउटफिल्डर तिथे कधीच नसतो, कारण तो सहा वर्षं कुणाच्या तरी हक्कात असतो.

म्हणून कागदावर ही ओळ ठळक लिहा: त्याच दिवशी फक्त पैसे देऊन कोण मिळत होता?

शेवटी दोन निकाल, वेगवेगळे

कागदाच्या खाली दोन चौकटी काढा. एकीत त्या दिवशीचा निकाल, दुसरीत चार-पाच वर्षांनंतरचा. दोन्ही जुळतीलच असं नाही.

जुळल्याचं उदाहरण: डिसेंबर 2010 मध्ये मिनेसोटाने जे. जे. हार्डी हा शॉर्टस्टॉप बाल्टिमोरला दिला आणि जिम होई व ब्रेट जेकबसन हे दोन रिलीव्हर घेतले. हार्डीचा पगार वाढणार होता आणि जपानहून त्सुयोशी निशिओका येणार होता. होईने मिनेसोटासाठी 24 आणि दोन तृतीयांश इनिंगांत 15 धावा दिल्या. जेकबसन मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. हार्डीने पहिल्याच वर्षी 30 होमरन मारले, पुढे ओळीने तीन गोल्ड ग्लव्ह. निकाल दिसण्याची वाट पाहायची गरजच नव्हती. शॉर्टस्टॉप देऊन अजून सिद्ध न झालेले दोन रिलीव्हर घेतले, एवढ्यावरच पहिली चौकट भरते.

न जुळल्याचं उदाहरण: जुलै 2011 मध्ये बाल्टिमोरने हाच उएहारा टेक्ससला दिला आणि क्रिस डेव्हिस व टॉमी हंटर घेतले. त्या दिवशी टेक्सस जेतेपदाच्या शर्यतीत होतं, आणि डेव्हिसला त्यांच्या इनफिल्डमध्ये जागा नव्हती. सौदा वाजवीच म्हणायचा. पण प्लेऑफमध्ये उएहारावर ओळीने तीन सामन्यांत होमरन पडले, वर्ल्ड सिरीजच्या संघातून तो वगळला गेला, आणि डेव्हिसने 2013 मध्ये 53 होमरन मारले. पहिल्या चौकटीत ‘ठीक’, दुसरीत ‘बाल्टिमोरची चंगळ’.

खातं कुठे बंद करायचं हेही ठरवून ठेवा. डेव्हिसवरचा सौद्यातून मिळालेला हक्क 2015 च्या मोसमाअखेर संपला. त्यानंतर बाल्टिमोरने त्याला 7 वर्षांसाठी 16 कोटी 10 लाख डॉलर दिले आणि 2018 च्या अखेरीपासून एप्रिल 2019 पर्यंत तो हिशेबात धरल्या जाणाऱ्या ओळीने 54 पाळ्यांत एकदाही हिट मारू शकला नाही. तो करार वेगळा व्यवहार आहे, या कागदावर त्याला जागा नाही. रेडिकचं उलट: हक्काच्या शेवटच्या वर्षी, ऑगस्ट 2016 मध्ये, ओकलंडने त्याला रिच हिलसह लॉस एंजेलिसला देऊन फ्रँकी माँटाससह तिघे पिचर आणले. ते त्याच हक्कातून आलेलं आहे, तेव्हा त्यातला रेडिकचा वाटा बेलीच्या सौद्याच्या जमेला धरायचा.